नौदल : निरंक

१० नोव्हेंबर

पंचायत समितीच्या ट्रेनिंगला मॅडमनी आम्हा सगळ्या बाया सरपंचांना एकेक डायरी दिली. म्हणाल्या, रोज दोन ओळी लिहा, निदान कुठं सही केली ते तरी लिहा, म्हणजे उद्या कोण फसवणार न्हाय. मी चौथी शिकले. अक्षर कोंबडं चालल्यासारखं हाय. पण वाचणार मीच, मग लाजायचं कुणाला?

आज दगड आला. काळा ग्रॅनाइट, माणसाएवढा उंच. गावच्या वेशीत उभा केला. वर लिहिलंय, 'करंजवडे गावचे सैनिक'. खाली तीन रकाने. भूदल, चाळीस नावं. हवाईदल, एकच नाव, कमांडर उदयसिंह फराकटे, वीर चक्र. नौदल, निरंक.

यादी भाऊसाहेबांनी केलती, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी. त्यांना सवयच हाय. फॉर्मात कायबी नसलं की निरंक. साथरोग निरंक, बालविवाह निरंक. दगडवाल्यानं दिलं तसं कोरलं. मला बघून बरंच वाटलं. रिकामं ठेवण्यापेक्षा कायतरी लिहिलेलं बरं.

१६ डिसेंबरला उद्घाटन. बांगलादेशाच्या लढाईत जिंकलो तो दिवस. त्या लढाईत ह्या कमांडरसाहेबांनी विमान चालवलं, म्हणून पदक. गावात दुसऱ्या कुणाला असलं पदक न्हाय. मी लग्न होऊन आल्यापासून ह्यांना एकदाबी बघितलं न्हाय. कोल्हापुरात राहतात, तासाभराच्या वाटेवर, पण गावात पाय टाकत न्हाईत. मोठी माणसं.

स्नेहलनं, माझ्या लेकीनं, दगडाचा फोटो त्यांना मोबाइलवर पाठवला.

सही: दगड मिळाल्याची पावती.

११ नोव्हेंबर

सकाळी शेण काढत होते तवर फोन. कमांडरसाहेब.

"सरपंचबाई, फोटो बघितला. निरंक?"

म्हणलं, "व्हय, निरंक."

"ते काढा. तोवर मी येणार नाही."

ठेवला फोन. रामराम न्हाय, काय न्हाय. मी हातातलं घमेलं आपटलं. माझा बापबी माझ्याशी असं बोलला न्हवता.

ऑफिसात सुभेदार हंबीरराव बसलेलेच होते. माजी सैनिकांचे अध्यक्ष, मिशा अजून ड्युटीवर. म्हणाले, "वैनी, त्याचा राग दुसराच हाय. त्यो म्हणतो मी नेव्हीत होतो. नेव्हीत म्हणजे बोटीवर. मग विमान कुठं चालवलं, पाण्यात?"

"मग पदक?"

"पदक कोणी बघितलंय? तुम्ही बघितलंय?"

मी न्हाय बघितलं. पण आता बघायचं. बोटीवर विमान कसं असंल ह्याचा दिवसभर विचार केला. ठेवत असतील, पण उडायचं कुठनं आणि उतरायचं कुठं? भाकरी करपली.

१४ नोव्हेंबर

एसटीनं कोल्हापूर. ताराबाई पार्कात तिसऱ्या मजल्यावर घर. बायको वारलेली, एकटेच. एक्क्याऐंशीचे हाईत म्हणे, पण उभे राहिले की छपराचा वासा. मी काकवीची बाटली दिली. त्यांनी हातात घेऊन उजेडात धरली, वास घेतला आणि नुसतेच बघत बसले.

मी सरळच विचारलं, "बोटीवर विमान उतरतं कसं?"

"बोट नाही. जहाज."

"बरं, जहाज. उतरतं कसं?"

मला वाटलं चिडतील. उलट हसले. म्हणाले, "गावच्या शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत जेवढी जागा, तेवढं जहाज. आणि उतरायला त्यातली निम्मी."

"तेवढ्यात आमचा उसाचा ट्रॅक्टर थांबत न्हाय."

"ट्रॅक्टरच्या शेपटीला आकडा नसतो."

मग सांगितलं. विमानाच्या मागं लोखंडी आकडा. जहाजावर आडवे पोलादी दोर ताणलेले. आकडा दोरात अडकला की विमान जागेवर. न अडकला तर पुढं समुद्र. उडायचं ते वाफेवर, गलोलीतनं खडा सुटतो तसं. म्हणलं, "वाफ म्हणजे बिद्रीच्या साखर कारखान्यात बॉयलर हाय तसली?" तर म्हणाले, "अगदी तसलीच, सरपंचबाई. तुम्ही पहिल्या आहात ज्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही."

मला लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू.

"भ्या वाटायचं?"

"उडताना नाही. उतरताना." मग मलाच विचारलं, "विहिरीत पडलेली कळशी गळानं काढलीय कधी?"

"कितीदा."

"पहिल्या फेकीत लागायची?"

"कुठली लागतीया!"

"आम्हाला पहिल्या फेकीत लावायला लागायची. आणि विहीर पुढं पळत असायची."

निघताना म्हणलं, "साहेब, तुमचं नाव हवाईदलातनं काढून नौदलात घालतो. मग निरंक आपोआप जातंय. आता या."

तर म्हणाले, "माझं नाव घालून निरंक जाणार असेल, तर राहू दे तसंच."

मग हवंय तरी काय माणसाला? जिना उतरताना तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या. पण येताना एसटीतनं बाहेर बघत प्रत्येक गावात शाळा आणि देऊळ ह्यातलं अंतर मोजत आले.

१८ नोव्हेंबर

हंबीररावांना आकडा आणि दोर समजावून सांगितला. चहाच्या कपाला दोरा बांधून दाखवला. ते म्हणाले, "वैनी, बाईमाणसाला कुणीबी कायबी सांगतंय." मी म्हणलं, "मग पुरुषमाणसानं जाऊन विचारावं."

मग म्हणाले, "पुरावा आणा. पदकाचा फोटो, न्हायतर लढाईतला फोटो. चाळीस जवानांच्या नावाशेजारी थाप नको."

ह्यात त्यांचं चुकलं असं न्हाय.

सही: पाण्याच्या टाकीचा ठराव. चार कागदांत पाचवा मधेच घातलेला सापडला, तो सही न करता परत दिला.

२२ नोव्हेंबर

परत कोल्हापूर. ह्या वेळी स्नेहल बरोबर, फोटो काढायला. पदक कपाटात कपड्यांच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं. चांदीचं, मधे चांदणी. निळी आणि केशरी फीत. स्नेहलनं फोटो काढला तवर ते खिडकीकडं तोंड करून उभे.

"काय केलं म्हणून मिळालं?"

"कागदावर लिहिलंय."

"कागद इंग्रजीत हाय."

"बंदरावर हल्ला केला. विमानाला गोळ्या लागल्या. तरी काम पुरं करून परत आणलं." एवढंच. किराणा मालाची यादी वाचल्यासारखं.

मग लढाईतला फोटो दाखवला. विमान, पंख वर मुडपलेले, चिमणी अंग आखडून बसते तशी. भोवती दहा-बारा पोरं. एकेकावर बोट ठेवून नावं सांगायला लागले, केरळचा हा, पंजाबचा हा. एका बारीक, काळ्या, हसऱ्या पोरावर बोट थांबलं ते हलेच ना.

"हा आपल्या गावचा," म्हणाले.

"आपल्या? कुणाच्यातला?"

"शिंग्यांचा. यल्लाप्पा."

मी म्हणलं, "वेशीबाहेरच्या वस्तीवरचे शिंगे? त्यांच्यातलं कोण फौजेत होतं?"

तर माझ्याकडं असं बघितलं की मी काय चोरी केली. मला काय म्हायती? तीस वर्षं नांदते, कुणी बोललं न्हाय. ते लोक तरी कुठं बोलले?

विमान उतरलं की आकड्यातनं दोर सोडवायला जो पळत जातो, ते काम यल्लाप्पाचं. इंजिन चालू असतं, मागनं दुसरं विमान येत असतं, तवर दोर मोकळा व्हायला पाहिजे. साहेब म्हणाले, "मी उतरलो की पहिलं माणूस दिसायचं ते तो. अंगठा वर करायचा. तेव्हा कळायचं की आपण जिवंत आहोत." त्याला नेव्हीत यांनीच नेलं. सुटीवर आले होते तेव्हा हा गावच्या नदीत पोहताना दिसला, म्हणाले चल. त्याच लढाईत तो गेला.

"मग कसा गेला?"

"अपघात."

"कसला अपघात?"

ते खिडकी लावायला उठले. वारं न्हवतं. मी म्हणलं, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असंल.

म्हणजे निरंक खोटं हाय. ह्या दगडावर दोन नावं पाहिजेत. एवढंच होतं तर पहिल्या दिवशी फोनवर सांगायचं न्हाय? मला दोन खेपा पडल्या.

२३ नोव्हेंबर

आत्तींना विचारलं. माझ्या सासूबाई, चिमणाबाई, चौऱ्याऐंशीच्या. कालचं जेवण आठवत न्हाय, पण बहात्तर सालचं सगळं पाठ.

"उदयसिंगाची मिरवणूक निघालती की! तुझ्या मामंजींनी जीप काढलती. सरपंच होते त्यावेळी. गुलाल, लेझीम. वस्तीच्या तोंडाला यल्ल्याची आई उभी होती, हात जोडून. म्हणली, साहेब, माझा कुठाय वो? तुमच्यासंगं गेलता न्हवं?"

"मग?"

"मग काय! उदयसिंगानं दार उघडायला हात घातला. मामंजी म्हणले, बसा, पुढं देवळात खोळंबल्यात लोकं. जीप पुढं गेली."

"आणि हे उतरलं न्हाईत?"

"कसं उतरतील? गुलालात भरल्यालं माणूस वस्तीत जाईल व्हय?" आत्ती असं म्हणल्या जसं पावसात गोवऱ्या कोण वाळत घालतंय.

मी पुढं विचारलं न्हाय. भाजी चिरायची होती.

२५ नोव्हेंबर

शालनकडं गेले. यल्लाप्पाची बहीण. नवरा वारल्यापासून माहेरीच, भाच्याच्या घरात. भाचा प्रसेनजीत कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. शालन दारात तांदूळ निवडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं न्हाय.

मी एका दमात सांगितलं. तुझ्या भावाचं नाव दगडावर घालतो, सोळा तारखेला ये, साडी-नारळ देऊ.

म्हणली, "निरंक हाय ते बरं हाय."

"अगं येडी का काय? मान हाय त्यो!"

"सरपंचबाई, दगड तुमचा. माणूस आमचा. आमच्या माणसाला इचारल्याबिगर दगडावर घालू नका."

"मग काय पाहिजे तुला?"

तिनं सुपातला खडा काढला, लांब टाकला. "तार आलती एवढीशी. डुटीवर अपघात. माझी आई मरोस्तोवर इचारत होती, कसा गेला, दुखलं का त्याला, बोलला का कायतरी. मी तेरा वर्सांची होते, मला काय म्हायती? ज्याला म्हायती होतं त्यो जीपमधी बसून गेला. त्याला म्हणावं, हितं यावं आणि सांगावं. मग बघू दगडाचं."

"एक्क्याऐंशीचा हाय त्यो."

"मी बी सदुसष्टची हाय."

अशी बाई. माझ्यासारखीच तोंडाची हाय. जावा झालो असतो तर घर पेटलं असतं.

२ डिसेंबर

मासिक सभा. विषय, नौदलाची दोन नावं.

हंबीरराव उठले. पदकाचा फोटो त्यांनी बघितला होता, त्यामुळं कमांडरसाहेबांवर आता काय आक्षेप न्हाय. पण यल्लाप्पा? "अपघातात गेला. शत्रूच्या गोळीनं न्हाय. त्याला काय शहीद धरता येत न्हाय."

म्हणलं, "दगडावर शहीद लिहिलंय का सैनिक?"

"सैनिक."

"तुम्हाला कुठं गोळी लागलती?"

सगळे हसले. हंबीररावांच्या मिशा थरथरल्या. "मी बंदूक धरलती, वैनी. त्यो खलाशी होता."

मग मी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. म्हणलं, हे विमान. ही वही जहाज. हा दोर. विमान येतंय, कानठळ्या बसतायत, दोर ताणलाय, तुटला तर माणसाचे दोन तुकडे. आणि हे पोरगं पळत जातंय, हातात बंदूक न्हाय, काय न्हाय, मोकळं. एकदा न्हाय, प्रत्येक विमानाला. "हंबीरराव, तुम्ही गेला असता?"

त्यांनी बाटली माझ्या हातातनं घेऊन वहीवर ठेवली. मग म्हणाले, "बिनहत्यारी? न्हाय. मी न्हाय गेलो असतो." खरं माणूस हाय. बरं हाय, हे लिहून ठेवते.

ठराव एकमतानं. सही केली. दगडवाला 'निरंक' आणि हवाईदलातलं नाव दोन्ही घासून काढणार. पुढं काय कोरायचं ते शालननं हो म्हणल्यावर.

दोर तुटला तर दोन तुकडे, हे माझ्या तोंडातनं कसं आलं म्हायत न्हाय. साहेबांनी तसं सांगितलं न्हवतं.

६ डिसेंबर

ठरावाची नक्कल घेऊन वस्तीत गेले. सगळी पांढऱ्या कपड्यात, विहारात मेणबत्त्या. आज सहा डिसेंबर, बाबासाहेबांचा दिवस, आणि मी कागद घेऊन सहीला. प्रसेनजीत बाहेर आला. म्हणाला, "काकी, आज न्हाय."

मी म्हणलं, "व्हय व्हय, विसरले." विसरले न्हवते. ध्यानातच न्हवतं कधी.

९ डिसेंबर

तिसरी खेप. साहेबांना सांगितलं, शालन काय म्हणती ते, तिच्याच शब्दात. दगडावरनं निरंक निघालंय हेबी सांगितलं.

म्हणाले, "येणं जमणार नाही. गुडघे."

मला राग आवरला न्हाय. "चौपन्न वर्षं गुडघे दुखत होते काय?"

वाटलं हाकलतील. ते खुर्चीत बसले. मग बोलायला लागले. मी मधे एकदाबी बोलले न्हाय, हे माझ्या जल्मात पहिल्यांदा.

त्या दिवशी बंदरावरनं परत येताना विमानाला भोकं पडलेली. एक चाक धड खाली येईना, मग आलं. जहाज दिसलं. उतरताना एक आरसा बघायचा असतो, त्यात दिवा दिसतो. दिवा मधोमध दिसला तर आपण बरोबर. त्यांना तो जरा वर दिसत होता.

"म्हणजे मी जरा वर होतो. आणि जरा वेगात होतो. परत फिरून नीट यायचं, असा नियम. तेल होतं तेवढं."

मग आले तसेच. आकडा लागला. दोर ताणला, ताणला आणि शेवटच्या क्षणाला तुटला. विमान काठावर थांबलं. तुटलेला दोर उलटा फिरला.

"मी वळून बघितलं, अंगठा बघायला."

खालनं भंगारवाला ओरडत गेला.

मी विचारलं, "मग चूक कुणाची?"

"चौकशीत लिहिलं, दोर जुना होता."

"तसं न्हाय. तुमचं काय म्हणणं?"

"त्याच उड्डाणाचं पदक आहे, सरपंचबाई."

हे काय उत्तर झालं? मी चूक विचारली, ते पदक सांगतायत. त्यांना सर्दी झालेली दिसली, सारखं नाक पुसत होते. म्हणलं, काकवी गरम पाण्यातनं घ्या. बाटली तशीच होती, उघडलेली न्हाय.

निघताना दारात म्हणाले, "तिच्या आईला मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

म्हणलं, "आई गेली. बहीण हाय. ती बी जाईल. मग कुणाला सांगणार, मला? मला सांगून काय उपयोग?"

१२ डिसेंबर

फोन आला. "सोळाला येतो. आधी वस्तीत. जीप पाठवू नका."

"मग कसं येणार?"

"वेशीपासून चालत."

"गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, सरपंचबाई."

१६ डिसेंबर

सगळं लिहिते, न्हायतर विसरंल.

आठला कोल्हापूरहून रिक्षा आली. अंगात निळा कोट, छातीवर पदक. वेशीत गावातली पोरं हार घेऊन, हलगी घेऊन. साहेबांनी हात वर केला, हलगी बंद. हार कुणाचाच घेतला न्हाय. काठी टेकत वस्तीकडं निघाले. हंबीरराव त्यांच्या मागं दोन पावलं, कडक सलामीतल्यासारखे. मी त्यांच्या मागं. आणि माझ्या मागं सगळं गाव येत होतं, ते वस्तीच्या तोंडाला आलं आणि हळूहळू थांबलं. कुणी सांगितलं न्हवतं थांबायला.

शालन दारात उभी होती. पांढरं लुगडं. प्रसेनजीतनं दोन खुर्च्या टाकलेल्या. साहेब बसले न्हाईत. म्हणाले, "शालन, मी उदयसिंह. मला यायला उशीर झाला."

ती म्हणली, "या. आत या."

दार लावलं न्हाय, पण आत अंधार. मी उंबऱ्याशी होते, काय ऐकू येईना. पुढं सरकायला गेले तर प्रसेनजीत मधे उभा राहिला. नुसता उभा राहिला, बोलला काय न्हाय. मला एवढं कळतंय. मागं सरले. तरी मान लांब करून बघत होते. साहेबांनी दोन्ही हातांनी काहीतरी दाखवलं, आधी ताणल्यासारखं, मग हात सुटले. शालननं पदराचा बोळा तोंडात धरला. मग तिनं कायतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. न्हाय म्हणून का व्हय म्हणून, ते मला हितनं दिसलं न्हाय. दुखलं का, हेच विचारलं असणार. का बोलला का, ते?

अर्धा तास झाला. वेशीत आमदारांचा माणूस घड्याळ बघतोय म्हणून निरोप आला. म्हणलं, बघू दे, नवीन घेतलं असंल.

बाहेर आले तेव्हा साहेबांच्या छातीवर पदक तसंच होतं. मला वाटलेलं तिला देतील. शालननं तोंड धुतलेलं दिसत होतं. माझ्याकडं बघून म्हणली, "कोरा म्हणावं."

दगडवाला तयारच होता. मांडी घालून बसला दगडासमोर, छिन्नी-हातोडी घेऊन. इकडं भाषणं चालू, तिकडं टक टक टक. माईकवाला म्हणाला, थांबवा जरा. शालन म्हणली, "भाषण थांबवा." लोक हसले, पण थांबवलं खरंच.

आधी कुणाचं नाव, ह्यावर हंबीरराव घोटाळले. "हुद्द्यानं कमांडर आधी."

साहेब म्हणाले, "नाही. तो आधी."

"पण साहेब, पद्धत..."

शालन म्हणली, "यल्लाप्पा वर. हे त्याच्या खाली. हितं तरी त्याच्या नजरेखाली राहू द्या ह्यांना." हे तिनं रागानं म्हणलं का मायेनं, ते मला कळलं न्हाय. साहेबांना कळलं असंल. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चालेल."

मधेच भाऊसाहेब माझ्या कानाशी. "मॅडम, आता हवाईदलात कोणीच उरलं नाही. तिथं निरंक लिहायचं का?" मी असं बघितलं की ते थेट मंडपाच्या मागं गेले.

कोरायला दीड तास लागला. एवढी माणसं दीड तास गप्प बसलेली मी मयतालाबी बघितली न्हाईत. यल्लाप्पा भिवा शिंगे. मग खाली, उदयसिंह फराकटे, वीर चक्र. साहेब उभेच होते, खुर्ची दिली तरी. शेवटचं अक्षर झाल्यावर दगडवाल्यानं फुंकर मारली, भुकटी साहेबांच्या कोटावर उडाली. त्यांनी झटकली न्हाय. तशीच घेऊन रिक्षात बसले.

रिक्षा सुटताना मी विचारलंच, "शालन काय विचारत होती आत?"

म्हणाले, "ते तिचं आहे."

जीव नुसता तळमळतोय.

१७ डिसेंबर

सकाळी ऑफिस उघडायला गेले तर शालन दगडापुढं एकटीच. अक्षरात बोट फिरवत होती. तिला वाचता येत न्हाय. म्हणलं जाऊन सांगावं कुठलं नाव कुठलं.

"ही यल्लाप्पाची ओळ," म्हणलं.

"ठावं हाय. माझ्यासमोर कोरली."

मला विचारायचं होतं काल आत काय झालं. तोंड उघडलं, तर तिनंच आधी विचारलं. आवाज चढवला न्हाय, सूप पाखडताना बोलतात तसं.

"सरपंचबाई, त्या साहेबाचं मला कळलं. त्यानं सांगितलं का आला न्हाय ते. तुमचं काय? गावाचं? आमचं घर हितनं हाकेच्या अंतरावर. कोण का आलं न्हाय इचारायला?"

मी महिनाभर कोल्हापूरला हेलपाटे घातले, बोटीवर विमान कसं उतरतं ते विचारलं, आरसा विचारला, दोर विचारला. मला कुणी कायबी विचारलं न्हवतं. मामंजींचं नाव ओठावर आलं. पण मामंजी गेल्याला वीस वर्षं झाली, आणि वीस वर्षं मीबी हितंच होते. ऑफिसात कामं होती, भाऊसाहेब कागद घेऊन दारात उभे होते.

म्हणलं, "मला सांगता येत न्हाय, शालन. जरा बस. मी आठवून बघते."

ती दगडाच्या कट्ट्यावर बसली. मीबी बसले. भाऊसाहेबांना हातानंच जा म्हणलं. उसाच्या गाड्या बिद्रीकडं जात होत्या, एकामागं एक. ती उठली न्हाय. थांबून राहिली, माझं तोंड बघत.